‘गॅस संपलाय’ आणि ‘कोड सांगा’

एसीतला गॅस संपत नाही. तो स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळत नाही, तांब्याच्या बंद नळीत गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, एवढाच त्याचा अर्थ. ही एक गोष्ट पक्की माहीत असली तर किनारपट्टीवर दर उन्हाळ्यात होणारी बरीचशी लूट दारातच अडवता येते.

एप्रिलअखेर चाकरमानी गावी येतो. वर्षभर बंद असलेलं घर उघडतं, एसी लागतो आणि नुसता पंख्यासारखा वारा फेकत बसतो. मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुठेही जा, पुढचा प्रसंग ठरलेला. मेस्त्री येतो, आउटडोअर युनिटला गेज (दाब मोजायचं मीटर) लावतो, काट्याकडे बघून मान हलवतो: “गॅस संपलो हा, भरूचो लागतलो.” वीस मिनिटांत काम उरकतं, दोन-तीन हजार जातात, हवा गार येते, सगळे खूश. गणपतीला आलात की पुन्हा तोच कोमट वारा, आणि पुन्हा तेच निदान.

वीस मिनिटांत झालं, तिथेच गडबड आहे. नीट काम करायला दोन-तीन तास तरी लागतात. आधी गळती शोधायची. त्यासाठी नळीत नायट्रोजन भरतात, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघतात, दाब तसाच टिकतो का ते काही वेळ तपासतात. गळती सापडली की तिथे ब्रेझिंग करायचं, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून जोड बुजवायचा, किंवा फ्लेअर (नळीचं पसरवलेलं टोक) नव्याने काढून नट बसवायचा. मग व्हॅक्यूम पंप लावून किमान अर्धा तास नळी कोरडी करायची. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, कारण पंप जड असतो, दुचाकीवरून आणायचा कंटाळा. त्याऐवजी थोडा गॅस सोडून आतली हवा ‘ढकलून’ देतात. पण आपल्याकडच्या हवेतली ओल आतच राहते. ती तेलात मिसळून आम्ल तयार करते, आणि ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) खातं. दोन हजारांच्या कामातून मोठ्या खर्चाचं काम जन्माला येतं ते असं.

शेवटी गॅस, तो वजनावर. युनिटवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. घरगुती दीड टनाच्या मशीनला हा आकडा बहुतेक वेळा एक किलोच्या आतबाहेर असतो. पट्टीवर ८०० ग्रॅम असताना बिलात दीड किलो लावलेला असेल तर वेगळा पुरावा नको. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला सांगा, आधीचं आणि नंतरचं वजन फोटोत घ्या. पट्टीवर आर-३२ असेल तर सिलिंडरवरही तेच नाव हवं. आर-३२ काही प्रमाणात पेटतो, त्यामुळे आत गॅस असताना जोडाला ब्रेझिंगची ज्योत लावू द्यायची नाही. फ्रिजमध्ये हल्ली आर-६००ए असतो, तो तर चांगलाच ज्वलनशील. मात्रा लहान, साधारण ५० ग्रॅम. तिथे अंदाजाने भरणं म्हणजे निव्वळ खेळ.

गळती कुठे आहे हे बऱ्याचदा तुम्हालाच दिसेल. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी धूळ चिकटून काळपट, तेलकट डाग पडतो. आउटडोअरच्या मागे बॅटरी मारा आणि नळीचे वाक, वेल्ड, पितळी नट बघा. पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बोट फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर खाऱ्या वाऱ्याने काम सुरू केलं आहे. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले, मध्ये मिठाचं पाणी. अशा जोडीत ॲल्युमिनियम आधी कुजतं. म्हणून समुद्राकडे तोंड करून आउटडोअर लावायचं नाही, घराच्या आडोशाला लावायचं, आणि राहत असाल तेव्हा महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हलकेच धुवायचं. ‘जेट सर्व्हिस’वाल्याचा पाइप फार जवळून मारला तर पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट बंद होते.

आता कंपनीचं अधिकृत सेंटर. तिथे फसवणूक होत नाही असा समज असेल तर तो सोडा, फक्त पद्धत वेगळी. सेंटर बहुतेक वेळा कंपनीचं नसतंच, ठेकेदाराचं असतं, आणि त्याचा हिशेब तक्रार किती तासांत बंद झाली यावर चालतो. कुडाळहून किंवा रत्नागिरीहून एकाच एसीसाठी गाडी सोडणं त्याला परवडत नाही. तो त्या वाटेवरच्या तीन-चार तक्रारी साठेपर्यंत थांबतो. तोवर एक फोन येतो. तुमच्या वाडीत रेंज नसते, फोन लागत नाही, आणि तक्रारीवर शेरा पडतो: ‘ग्राहक उपलब्ध नाही’. तक्रार बंद. टोल-फ्रीवर पुन्हा फोन केलात की पुन्हा पहिल्यापासून पत्ता सांगायचा. माणूस घामाघूम बसला आहे हे कंपनीच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही, तिथे फक्त तक्रारीचा नंबर उघडा किंवा बंद असतो.

यातला कळीचा मुद्दा कोड. बऱ्याच कंपन्या काम पूर्ण झाल्याची खूण म्हणून तुमच्या मोबाइलवर एक कोड पाठवतात. तंत्रज्ञ पेचकस हातात घ्यायच्या आधीच म्हणतो, “कोड सांगा, एंट्री करायची आहे.” सांगितलात की कंपनीच्या लेखी तुमचा एसी दुरुस्त झाला. ‘पार्ट मागवलाय, आठवड्यात येतो’ या आश्वासनावर दिलेला कोडही तसाच. पार्ट कधी येईल हे विचारायला मग तक्रारच शिल्लक नसते. एसी अर्धा-पाऊण तास चालवून बघितल्याशिवाय कोड द्यायचा नाही. पार्ट यायचा असेल तर तक्रार उघडीच ठेवायला सांगायची.

वॉरंटीचंही बघा. ‘कॉम्प्रेसर १० वर्षं’ याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरचा नग. गॅस, मजुरी, वाहतूक तुमची. खाऱ्या हवेने गंज धरल्यास जबाबदारी नाही, अशी बारीक अक्षरातली ओळ बऱ्याच कार्डांवर असते. किनाऱ्यावरच्या दुकानात ती ओळ कोणी वाचून दाखवत नाही. खरेदीआधी कार्ड उघडायला लावायचं. पार्ट बदलला तर बिलावर त्याचा सीरियल नंबर हवा आणि जुना पार्ट बघायला मागायचा.

कंपनी दाद देत नाही म्हणून लोक नेटवर नंबर शोधतात, आणि मोठा खड्डा तिथे आहे. खोटा कस्टमर केअरवाला पहिल्या रिंगला फोन उचलतो, यावरूनच ओळखायला हवं खरं तर. नोंदणीचे दहा रुपये, एक लिंक, मोबाइलचा पडदा दाखवणारं एखादं ॲप, आणि खातं रिकामं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनवरच्या स्टिकरवरचाच घ्यायचा. पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आणि लगेच बँक. अशा वेळी तासाभराचाही फरक पडतो.

सेवेतल्या त्रुटीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. चाकरमान्यांना हे फारसं माहीत नसतं: तक्रारदार राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या आयोगातही तक्रार चालते. एसी देवगडला असला तरी ठाण्यात राहणाऱ्याला ठाण्यात दाद मागता येते.

तक्रारीत ‘एसी थंड करत नाही’ एवढंच लिहू नका. मॉडेल आणि सीरियल नंबर, पहिल्या नोंदणीची तारीख, प्रत्येक भेटीची तारीख, कोणता कोड कधी मागितला, किती ग्रॅम गॅस भरला आणि पट्टीवर किती लिहिला आहे, गळतीची तपासणी केली की नाही, असं ओळीने लिहा. सोबत पट्टीचा, तेलकट डागाचा, वजनकाट्याचा आणि बिलाचा फोटो जोडा.