फ्रंट लोड वॉशिंग मशीन बिघडलं: स्वतः हात घालायचा, मेकॅनिक बोलवायचा की कंपनीला फोन करायचा?

कपडे पाण्यात बुडालेले, दार उघडत नाही आणि स्क्रीनवर दोन अक्षरं लुकलुकताहेत. अशा वेळी आपण आधी फोन उचलतो. मीही उचलायचे. गेली नऊ वर्षं पुण्याजवळ वाकडच्या आमच्या घरात एकच फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं, मशीन चालू आहे, अर्धं वर्ष पालिकेच्या पाण्यावर आणि अर्धं टँकरवर. एवढ्या काळात तिन्ही मार्ग वापरून झाले. बिघाड पाण्याच्या वाटेवर असेल तर तो बहुतेक वेळा घरीच निघतो. फिरणाऱ्या भागात किंवा विजेत असेल तर त्याला हात लावायचा नाही. कोणाला बोलवायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

पाणी बाहेर जात नाही

एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी, बॉशवर ई१८ असं काही दिसलं की पाणी उपसलं जात नाही असं समजायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. आलेल्या माणसानं मशीन हलवून पाहिलं आणि “पंप गेलाय, बदलावा लागेल” म्हणाला. खालचं झाकण त्यानं उघडलंच नव्हतं. मी त्याला भेटीचे पैसे दिले आणि संध्याकाळी फिल्टर स्वतः काढला. आत ब्लाउजचे दोन हुक, एक रुपयाचं नाणं, भिजलेल्या बिलाचा लगदा आणि लेकाचा छोटा मोजा निघाला. तोच पंप आजही चालू आहे.

हे काम असं करायचं. प्लग काढा. गरम पाण्याचं चक्र चालू होतं, तर पाणी निवू द्या. समोर खालच्या कोपऱ्यातलं, बहुधा उजवीकडचं, झाकण उघडा. बऱ्याच मशीनमध्ये तिथे बोटाएवढी नळी असते. तिचं बूच काढून पाणी परातीत घ्या, कारण इतक्या खाली बादली बसत नाही. परात चार-पाच वेळा भरेल, घाई करू नका. पाणी संपल्यावर फिल्टर डावीकडे सावकाश फिरवून काढा. मग आतल्या पोकळीत टॉर्च मारा आणि पंपाची पाती बोटानं फिरवून बघा. ती अडखळत, झटके देत फिरते. आत चुंबक असल्यानं तसंच होतं, म्हणून घाबरू नका. पातीला केस किंवा दोरा गुंडाळलेला असेल तर तो ओढून काढा. मोकळी पाती फिरतेय, पण मशीन चालू केल्यावर पंपाचा नुसता गुरगुराट येतो किंवा काहीच आवाज येत नाही, तेव्हा मात्र मेकॅनिक हवा.

पाणी आत येत नाही

नळ बंद करून मागची नळी सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडात नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, ती पकडीनं हलकेच ओढून जुन्या टूथब्रशनं घासा. टँकरचं पाणी असेल तर तिथे लाल गाळाचा थर हमखास सापडतो. जाळी स्वच्छ असूनही पाणी मंद येत असेल तर दाब तपासा. मशीनला कमीत कमी किती दाब लागतो ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. काही मॉडेलांना ०.३ बार पुरतो, काहींना १ बार लागतो. ०.३ बार म्हणजे पाण्याच्या टाकीची सुमारे ३ मीटर उंची आणि १ बार म्हणजे सुमारे १० मीटर. सर्वात वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांचा त्रास इथेच असतो. तो कुठलाच मेकॅनिक मशीन उघडून घालवू शकणार नाही, त्याला प्रेशर पंप लागतो.

वास आणि क्षार: इथे बहुतेकांची गल्लत होते

दुकानात दोन्हीवर एकच पुडी मिळते, पण आजार दोन आहेत.

वास येतो तो साबण, अंगाचं तेल आणि सॉफ्टनर यांच्या चिकट थराचा. सगळे कपडे गार पाण्यात झटपट धुणाऱ्या घरांत तो लवकर धरतो. त्याला उष्णता लागते. रिकामं मशीन ‘टब क्लीन’वर किंवा ९० अंशांवर, थोडी धुण्याची पावडर घालून चालवा. दाराच्या रबराची घडी बोटानं उलगडून आतून पुसा, काळे डाग तिथेच पडतात. धुणं झालं की दार आणि साबणाचा कप्पा उघडा ठेवा. एवढं रोज पाळलं तर बाकीचं अर्धं काम उरतच नाही.

क्षार म्हणजे हीटरवर बसलेला चुना, त्याला आम्ल लागतं. बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी पांढरे थर दिसत असतील तर हीटरवरही ते असणारच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा मानतात. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी याच्या वरच्या टोकाला असतं. टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही.

मग कंपनीची पुडी की वाण्याकडचं लिंबूसत्त्व? वॉरंटी चालू आहे तोवर पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. वॉरंटी संपल्यावर मी लिंबूसत्त्व वापरते, शंभरेक ग्रॅम, रिकाम्या मशीनमध्ये, ६० अंशांवर, आणि नंतर एकदा साध्या पाण्याचं चक्र. टँकरच्या महिन्यांत दोन महिन्यांतून एकदा. व्हिनेगर मी टाळते, वारंवार वापरलं तर रबराला बाधतं. आणि लिंबूसत्त्व असो की व्हिनेगर, ब्लीचबरोबर कधीही घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

हादरे की बेअरिंग?

मशीन पिळताना नाचतं तेव्हा आधी चारही पाय टेकलेत का ते बघा, एक कोपरा दाबून बघितला की कळतं. चाकाच्या ट्रॉलीवर ठेवलं असेल तर खाली उतरवा. नवीन मशीन असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का ते तपासा. एकटी चादर गोळा होऊनही हादरे बसतात.

पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येत असेल तर दार उघडून ड्रमची वरची कड आतून धरा आणि वर उचला. ड्रमसकट सगळा टब, म्हणजे त्याच्याभोवतीची बाहेरची टाकी, एकसाथ हलला तर ठीक. रबर जागच्या जागी आणि फक्त ड्रम खडखडला, तर बेअरिंग गेलं. कपड्यांवर तपकिरी तेलकट डाग पडू लागले असतील तर उशीर करू नका.

इथे कोपऱ्यावरचा मेकॅनिक आणि कंपनी यांत खरा फरक पडतो. चांगला मेकॅनिक टब उघडून दोन बेअरिंगं आणि ऑइल सील बदलतो, आणि ते बरंच स्वस्त पडतं. सील नवीन घालणार का, हे आधी विचारा. जुन्या सीलमधून पाणी झिरपलं की नवं बेअरिंगही गंजतं. काही मॉडेलांचा टब कायमचा चिकटवलेला असतो, कंपनी तो अख्खाच बदलते आणि खर्च नव्या मशीनच्या दिशेनं जाऊ लागतो. आठ-दहा वर्षांच्या मशीनला तो करू नये असं माझं मत आहे. सर्किट बोर्डाचंही तसंच, कंपनी अख्खा बदलते, जाणकार मेकॅनिक दुरुस्त करतो.

पाणी तापायला लागताच घरातला ईएलसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर हीटरमधून विजेची गळती आहे. प्लग काढून ठेवा आणि माणूस येईपर्यंत मशीन लावू नका. तात्पुरतं म्हणून अर्थिंग काढून चालवणं तर कधीच नको.

वार्षिक देखभालीचा करार घ्यावा का?

मी एक वर्ष घेतला आणि सोडला. रबर आणि प्लॅस्टिकचे भाग बऱ्याच करारांत वगळलेले असतात, आणि फ्रंट लोडमध्ये झिजतं ते रबरच. मोटरची १० वर्षांची वॉरंटी म्हणजेही बहुधा फक्त मोटर, भेटीचे आणि मजुरीचे पैसे वेगळे. घरात फिल्टर काढायला कोणी नाही, वयस्क माणसं एकटी राहतात, तिथे मात्र करार घ्यावा. फक्त सेवेचा नंबर वॉरंटी कार्डावरून घ्या. इंटरनेटवर शोधून लावलेला नंबर पुष्कळदा कंपनीचा नसतोच.