सरकारी वॉर्ड की खासगी आयसीयू? नव्या स्टाफ नर्ससाठी

पगाराचं आधी उरकून टाकू. राज्य सरकारच्या कायम अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. खासगीचं काय? सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही किमान 20,000 द्यावेत, असं सुचवलं होतं. तालुक्याच्या गावी त्याहून कमीत राबणाऱ्या मुली आजही भेटतात. मात्र सरकारी म्हणजे कायमच, असं धरू नका. एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, नेमणुकीची ऑर्डर कंत्राटी असते, साधारण 11 महिन्यांची.

खरा फरक नाईटला कळतो. नियमाने जनरल वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स हवी. मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन वॉर्डात ॲडमिशनच्या दिवशी, म्हणजे नवे पेशंट घ्यायची पाळी असते तेव्हा, खाटा संपून गाद्या जमिनीवर येतात आणि ड्युटीवर असतात दोन सिस्टर. बाराची इंजेक्शनं निम्म्यावर येतात तोच कॅज्युअल्टीतून नवा पेशंट येतो, कोपऱ्यातल्याची सलाईन संपते, नातेवाईक हाका मारत असतात. अशा वेळी कुणाकडे आधी धावायचं, हे तिथेच शिकता येतं. खासगी आयसीयूत दोन, फार तर तीन पेशंट. पण तासातासाचं चार्टिंग, सिरिंज पंपाचे अलार्म, आणि वापरलेल्या प्रत्येक वस्तूची बिलात नोंद. व्हेंटिलेटर, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनची वगैरे तपासणी) हे सगळं इथे लवकर हाताखालून जातं.

माणसांचं म्हणाल, तर सरकारीत इन-चार्ज सिस्टर वीस-पंचवीस वर्षं मुरलेली असते. तोंडाने फटकळ, पण शिरा सापडत नसलेल्या बाळाला पहिल्या टोचणीत सुई लावून देईल. नव्या मुलीच्या वाट्याला नाईट जास्त येतात, ते गृहीत धरा. मामा-मावशींशी, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीसांशी, गोडीने वागलात, तर अर्धा वॉर्ड आपोआप चालतो. हुकूम सोडलात, तर स्ट्रेचर तुम्हीच ढकलाल. खासगीत बहुतेक स्टाफ पंचविशीतला, निम्म्यांचं लक्ष आखातातल्या नोकरीकडे. दोन वर्षं झालेली मुलगीच इन-चार्ज होते. मग रात्री अडलं तर विचारायचं कुणाला? मला हीच तिथली सगळ्यात मोठी उणीव वाटते. चुकीचं औषध गेलं, तर कागदोपत्री ‘इन्सिडेंट रिपोर्ट’, प्रत्यक्षात बऱ्याचदा पगारकपातीची धास्ती. मग मुली गप्प बसतात.

माझं मत: सरकारी कायम ऑर्डर आली असेल, तर डोळे झाकून घ्या. कंत्राटी असेल, तर चांगल्या आयसीयूत दोन वर्षं काढा आणि भरतीचा अभ्यास सोडू नका. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 आहे, घाई नाही.

खासगीत मुलाखतीला गेलात, तर आयसीयूच्या नर्सिंग स्टेशनवर चिकटवलेला ड्युटी चार्ट बघू द्या म्हणा. खाटा मोजा, नाईटची नावं मोजा. ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवायला, थांबलेला वेळ ड्युटीत धरतात का, डबल ड्युटीच्या बदल्यात ऑफ मिळतो का, तेही विचारा. आणि मूळ सर्टिफिकेट जमा करा म्हणाले, तर तिथूनच परत फिरा.