कोअ‍ॅक्सचा फॉल्ट शोधायला काय वापराल: मल्टिमीटर, टीडीआर, व्हीएनए की सिम्युलेशन?

पावसाळा लागला की घोडबंदर रोडपासून ऐरोली-वाशीपर्यंतच्या सोसायट्यांत गच्चीवरून डक्टमधून उतरलेली आरजी-६ ही टीव्हीची कोअ‍ॅक्स केबल (मध्ये गाभ्याची तार, भोवती जाळी) दगा देते. अख्खी केबल ओढून काढण्याआधी कशाने तपासायचं, हे फॉल्ट कसला आहे त्यावर ठरतं.

गाभ्याची तार सरळ तुटली असेल तर कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. दोन्ही टोकं सोडवा. आरजी-६ मीटरमागे साधारण ५३ पिकोफॅरड दाखवते. ३० मीटरला १५९० च्या जागी ९५४ आले, तर तार १८ मीटरवर तुटली आहे. शॉर्टला ही युक्ती लागू नाही आणि पाणी शिरलं असेल तर आकडा फुगतो.

ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) आधीच असेल तर ७४एसी१४ आयसीवर पल्स तयार करून टीडीआर करा, म्हणजे पल्स केबलमध्ये सोडून फॉल्टवरून तिचं परावर्तन किती वेळाने येतं ते मोजा. ओपनचं परावर्तन वर जातं, शॉर्टचं खाली. १८ मीटरवरून ते सुमारे १४५ नॅनोसेकंदांत परत येतं. इथे चूक होते ती वेगाच्या गुणांकात (केबलमधला सिग्नलचा वेग भागिले प्रकाशाचा वेग): फोमच्या आरजी-६ ला ०.८३ च्या आसपास, आरजी-५८ ला ०.६६. चुकून ०.६६ धरलात तर तोच फॉल्ट १४.३ मीटरवर दिसेल आणि मजलाभर वरचा बॉक्स उघडला जाईल. त्याच ड्रमचा १० मीटरचा तुकडा मोजून गुणांक आधी ठरवून घ्या.

खाडीच्या खारट हवेने गंजलेला कनेक्टर, ओली केबल, अशा अर्धवट फॉल्टला आमची पसंती नॅनो-व्हीएनएला, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर केबलमधून परतणारा सिग्नल मोजणाऱ्या छोट्या यंत्राला. पण मूळ मॉडेलचे १०१ मापनबिंदू जपून वापरा, ते अख्ख्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यावर (स्वीप) पसरतात. २०० मेगाहर्ट्झपर्यंत स्वीप केला तर सुमारे ६२ मीटरपर्यंत दिसतं, बारकावा ६० सेंटीमीटरचा. ९०० पर्यंत नेलात तर पल्ला १४ मीटरवर येतो आणि त्यापलीकडचा फॉल्ट खोट्या जागी उमटतो. पोर्ट ५० ओहमचा, केबल ७५ ची, म्हणून तोंडाशीच ०.२ चं परावर्तन दिसेल. तो फॉल्ट नव्हे.

सिम्युलेशन फॉल्टची जागा शोधत नाही, त्याची जात ओळखायला मदत करतं. एलटीस्पाइस या सर्किट-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ७२ आणि ४८ नॅनोसेकंदांच्या (म्हणजे १८ आणि १२ मीटरच्या) दोन ७५ ओहमच्या लाइन जोडा. मध्ये २५ ओहमचा सिरीज रेझिस्टर टाका, म्हणजे गंजलेला कनेक्टर: परावर्तन +०.१४. त्याऐवजी ६० ओहमचा दोन मीटरचा तुकडा टाका, म्हणजे ओली केबल: आधी उणे ०.११, मग तुकडा संपला की उलट उसळी. ही आकृती मोजलेल्या आलेखाशेजारी ठेवली की कनेक्टर बदलायचा की केबल, हे कळतं. खऱ्या केबलचे कोपरे जास्त गोलावलेले दिसतील, कारण एलटीस्पाइसची लॉसी (सिग्नल क्षीण करणारी) लाइन स्किन इफेक्ट, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीला प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळच राहणं, धरत नाही.

काहीही जोडण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचा केबलवरून जाणारा वीजपुरवठा काढा आणि गाभा ते जाळी व्होल्टेज शून्य असल्याची मल्टिमीटरने खात्री करा. लाइनवरच्या पुरवठ्याने व्हीएनएचा पोर्ट क्षणात जळतो.