ए-लेव्हल की टी-लेव्हल?

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) आटोपली की हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. ए-लेव्हल, म्हणजे विद्यापीठाआधीचा विषयवार अभ्यासक्रम, १९५१ पासूनची. बहुतेक मुलं तीन विषय दोन वर्षं शिकतात आणि बराचसा निकाल शेवटच्या परीक्षांवर ठरतो. पुढे काय करायचं हे अजून पक्कं नसेल, तर मला हाच मार्ग बरा वाटतो. गणित, इतिहास आणि जीवशास्त्र एकत्र घेता येतात, दारं उघडी राहतात.

टी-लेव्हल, म्हणजे एखाद्या व्यवसायाचं तांत्रिक शिक्षण, २०२० मध्ये सुरू झाली. इथे क्षेत्र एकच, पण खोलात जाऊन. खरं मोल आहे ते किमान ३१५ तासांच्या प्रत्यक्ष कामाला. बालशिक्षण निवडलेली मुलगी वर्गात शिकलेलं, रडून लाल झालेल्या तीन वर्षांच्या पोराला शांत करताना वापरून बघते. ते बाकावर बसून येत नाही.

टी-लेव्हल म्हणजे दुय्यम, हे मनातून काढूनच टाका. तिच्या सर्वोच्च श्रेणीला विद्यापीठ प्रवेशासाठी १६८ गुण धरतात, ए-लेव्हलच्या तीन ए-स्टारइतकेच (ए-स्टार म्हणजे तिथली सर्वोच्च श्रेणी). मात्र हवा तो अभ्यासक्रम ती स्वीकारतो का, हे आधी विचारा. वैद्यकीयसाठी सहसा रसायनशास्त्राची ए-लेव्हल मागतात.