‘चाळीस टक्क्यांच्या खाली भरपाई नसते’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

भरपाई ‘काढून देणारे’ साहेब प्रत्येक एमआयडीसीत फिरतात, त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. मी भोसरीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रावर होतो. ऑगस्ट 2022 मध्ये डबल स्ट्रोक पडला, म्हणजे प्रेस एकदाऐवजी दोनदा खाली आला, आणि उजव्या हाताची तीन बोटं मुळापासून गेली. पगार 23,500, म्हणजे ईएसआय या कामगार विमा योजनेच्या तेव्हाच्या 21,000 च्या मर्यादेबाहेर.

दिव्यांग प्रमाणपत्र 22 टक्क्यांचं आलं. साहेब म्हणाले, “चाळीसच्या खाली शून्य. त्यात तुम्ही कामावर रुजू झालात, पगार तोच. नुकसान कुठाय? तरी बघतो.” बघून 1,20,000 दिले, त्यातले 20,000 रोख स्वतः घेतले.

अहो, चाळीसची अट दिव्यांगांच्या सवलतींची! कामावरच्या अपघाताला तेव्हा 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा होता. त्याच्या पहिल्या अनुसूचीत एका हाताची तीन बोटं म्हणजे कमाईच्या क्षमतेत 30 टक्के घट, पुन्हा कामावर गेलात तरी. पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचा. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले वय 34 चा गुणक 199.40, त्याचे 30 टक्के: 5,38,380 रुपये. आधी हा हिशेब, मग चहापाणी.

समझोत्याच्या कागदावर उजव्या हातानं सही जमेना म्हणून डावा अंगठा घेतला. आयटीआय झालेला माणूस मी! शंभराच्या स्टॅम्पच्या मागे खरेदीदार म्हणून कंपनीचं नाव होतं. माझ्या बाजूचा माणूस आणि स्टॅम्प त्यांचा? ते नाव मला दिसलं होतं. पण घरात दोन हप्ते थकलेले, हात ठणकतोय, आणि समोर सुपरवायझर “झालं ना?” म्हणतोय, तिथं कोण उलटतपासणी घेणार? आत मजकूर होता ‘बोटास किरकोळ दुखापत’. एकवचनात! कोऱ्या किंवा न वाचलेल्या स्टॅम्पवर अंगठा देऊ नका, फोटो काढल्याशिवाय तर नाहीच.

दीड महिन्यात ‘हेल्परची गरज नाही’ म्हणून घरी बसवलं.

पोलीस म्हणाले, “अंगठा तुमचाच ना? दिवाणी मामला.” कामगार खात्यात एक बाई म्हणाल्या समझोता झालाय, दुसरे म्हणाले आधी ठरवा कंपनीचे की ठेकेदाराचे. प्रेसचा सुरक्षा सेन्सर बायपास केलेला होता, ते तपासायला कोणी आलं नाही. तीन बोटं टेबलावर ठेवून दाखवली तरी यांना अर्ज तीन प्रतींतच लागतो! आणि दाव्याची तेव्हाची दोन वर्षांची मुदत मात्र माझ्यासाठी धावत होती; तुम्ही तुमची मुदत चुकवू नका.

शेवटी युनियनच्या वकिलांनी सांगितलं: समझोता त्या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवलेला नाही, त्यामुळे पूर्ण भरपाईची जबाबदारी मालकावर राहते आणि दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजा करता येत नाही. म्हणजे वजा जास्तीत जास्त 60,000. वर 12 टक्के व्याज. दावा मुदतीत कामगार न्यायालयात लावलाय. साहेबांचा फोन बंद आहे.