गाडीतली वीज: घराला की ग्रीडला?

वळवाची सर आली की आमच्या इंदिरानगरात वीज गेलीच म्हणून समजा. परवा नेक्सॉन ईव्हीच्या चार्जिंग सॉकेटला गाडीतली वीज बाहेर काढणारा अडॅप्टर लावला, एक्स्टेंशन बोर्ड खिडकीतून आत ओढला आणि फ्रिज, दोन पंखे, राउटर रात्रभर चालवले. मर्यादा ३.३ केव्हीए, म्हणजे गिझर आणि एसी एकदम नकोच. पण घरच्या १२ व्होल्ट, १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीत जेमतेम १.८ युनिट मावतात; गाडीत ४०.५. एक मात्र कळकळीने सांगते: ही वीज भिंतीतल्या प्लगमध्ये कधीही उलटी सोडू नका, खांबावरच्या वायरमनच्या जिवाशी खेळ होतो.

ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, वीज द्यायची तर गाडी, चार्जर दोन्ही दुतर्फा, म्हणजे वीज घेणारे आणि परत देणारेही हवेत, ग्रीडच्या ५० हर्ट्झ वारंवारतेशी ताळमेळ हवा, मीटरने दिलेली वीजही मोजायला हवी. शिवाय पुरवठा खंडित झाला की ही यंत्रणा आपोआप बंद पडते, त्यामुळे अंधारात तिचा एकटीचा उपयोग नाही. तिचं खरं काम संध्याकाळच्या वाढत्या मागणीचं: दुपारी सोलरवर भरलेल्या शेकडो गाड्यांनी तेव्हा थोडी थोडी वीज परत द्यायची. त्यासाठी बॅटरीची जी झीज होते तिचे पैसे दरात मिळायलाच हवेत.

आज मी अडॅप्टरच घेईन.