शेंगदाण्याची ॲलर्जी स्पॅनिशमध्ये सांगायची: छापील कार्ड की मोबाइल?

सोलापुरात राहून शेंगदाण्याची ॲलर्जी म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. इथं निदान 'शेंगाचटणी नको' म्हटलं की वाढणारा हात थांबतो. भाची आता स्पेनला, तिथून मेक्सिकोला निघालीय. कार्ड न्यावं की मोबाइलवरचं भाषांतर पुरे, हा तिचा घोळ.

खर्चाचं सोडा. झेरॉक्सच्या दुकानात कार्ड लॅमिनेट करायला किरकोळ पैसे लागतात, ॲप फुकटच.

खरी गोम शब्दात आहे. शेंगदाण्याला स्पेनमध्ये काकावेते, मेक्सिकोत काकावाते आणि दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मानी म्हणतात. कार्डावर तिन्ही लिहिता येतात. ॲप एकच निवडतं. त्यात आपण नुसतं 'शेंगा' बोललो तर त्याला कुठल्या शेंगा वाटतील, देव जाणे! 'मला ॲलर्जी आहे' हे सांगताना बाईनं 'आलेर्हिका' म्हणायचं, पुरुषानं 'आलेर्हिको'. हे स्पॅनिश जाणणाऱ्याकडून एकदा तपासून छापलं की झालं. शिवाय कार्ड थेट स्वयंपाकघरात जातं. मोबाइल कोण आत पाठवेल?

पण कार्ड मुकं. मेक्सिकोतल्या मोले नावाच्या दाट रश्शात बरेचदा शेंगदाणे वाटलेले असतात. 'यात काय काय आहे?' याचं उत्तर मोबाइलच समजावून देईल. स्पेनमध्ये थोडं सोपं: युरोपीय नियमाप्रमाणे डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, शेंगदाणा त्यात आहे.

ॲलर्जी जिवावरची असेल तर कार्ड, तेही दोन प्रती. नुसती खाज-पुरळ उठत असेल आणि मुक्काम शहरातच असेल, तर ऑफलाइन स्पॅनिश उतरवलेला मोबाइल चालेल. भाचीला मी कार्डच करायला लावलं.